सर्वपित्रीला साताऱ्यात

जवळ सरका, पोरांनो, आणि ते मोबाईल खिशात घाला. ऐकीव थाप नाही ही. आपल्या आष्ट्याचा कृष्णात, ट्रॅक्टरचं दुकान असलेला, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे.

मागच्या सर्वपित्री अमावास्येची रात्र. ट्रॅक्टर कंपनीनं दुकानदारांना साताऱ्याला बोलावलेलं. राजवाड्याजवळच्या मोठ्या हॉटेलात जेवण आणि मुक्काम. नवी एजन्सी तिथंच ठरणार होती. घरी मात्र बापाचा, तात्याबाचा, पहिला म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध. पान मुलाच्या हातानं ठेवायचं असतं. आई राहीबाईनं परोपरीनं सांगितलं. हा म्हणाला, "तू ठिव. बा काय परका हाय व्हय?" आणि गाडी काढली.

हॉटेलचा थाट काय सांगू! पाय रुतेल असा गालिचा. दारात फेटेवाला सलाम ठोकतो. आपण फेटा बांधून गेलो तर आत सोडेल का, देव जाणे. कृष्णात सुटाबुटात साहेबांच्या टेबलावर बसला. काटाचमचा धरताना हात अवघडत होता, पण अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पहिला घास उचलला, तोच फेटेवाला टेबलाशी आला. त्याच्यामागं एक म्हातारा. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडं, पायांना उसातला चिखल.

"साहेब, हे म्हणतात, माझं पोरगं आत जेवतंय. तुमच्यापैकी कुणाचे?"

कृष्णातनं वर पाहिलं...

तात्याबा.

वर्षापूर्वी ज्याला अग्नी दिला, तो बाप.

साहेब बघतायत.

आपल्यात वैरी जरी जेवताना आला, तरी "या जेवायला" म्हणतात. तेवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. भीती नंतर आली, पोरांनो. आधी आली ती लाज. त्या घोंगड्याची, त्या चिखलाची.

"माझे कुणी नाहीत," कृष्णात म्हणाला. अगदी शुद्ध भाषेत.

म्हातारा रागावला नाही. "असू दे," म्हणाला. "जेव तू."

आणि वळला...

कृष्णात मागं धावला. दारात फेटेवाला एकटाच. त्यानं शपथेवर सांगितलं की तो दार सोडून आत आलाच नव्हता. टेबलावरच्यांनाही कुणी दिसलं नव्हतं. गालिचा कोरडा ठणठणीत. एजन्सी तशीच सोडून त्यानं गाडी आष्ट्याकडे हाणली. रस्ताभर स्वतःला शिव्या घालत होता.

राहीबाई जागीच होती. दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली, पण पानाला कावळा शिवला नव्हता. म्हणून तिनं ते स्वयंपाकघरात बांबूच्या बुट्टीखाली झाकून वर दगडी पाटा ठेवला होता. मायलेकांनी मिळून पाटा उतरवला. बुट्टी उचलली.

अर्धं पान जेवलेलं.

अर्धं तसंच... भात मधोमध वेगळा केलेला. पोळी हातानं मोडून निम्मी बाजूला. एक वडी राखलेली.

कृष्णात लहान असताना तात्याबा असाच जेवायचा. पोरगं शाळेतून येईपर्यंत राखलेल्या निम्म्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

राहीबाईनं पान लेकापुढं सरकवलं.

"खा," म्हणाली. "तुज्यासाठी राखलंय त्यानं."