चाळीस सुया

आमच्या दुकानात एक पाटी आहे : वर्षभरात न नेलेल्या कपड्यांची जबाबदारी आमच्यावर नाही. पाटी ताईने रंगवली, म्हणून शेवटचा 'नाही' वरच्या ओळीत मावला नाही आणि खाली एकटाच जाऊन बसला. गिऱ्हाइकं हसतात. ताई म्हणते, हसू देत, वाचतात तरी.

अशा न नेलेल्या कपड्यांतला एक राखी कोट माझ्या वाट्याला आला. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी कुणी बाई तो घेऊन आली होती. ती दारात बराच वेळ नुसतीच उभी होती, असं ताई सांगते. मी तिला पाहिलं नाही. सुईत दोरा ओवताना मी मान वर करत नाही. छप्पर कोसळलं तरी ही आधी दोरा ओवेल, अशी माझी ख्याती ताईने चारचौघांत करून ठेवली आहे. कोटाची खालची कड वीतभर उसवली होती. ताईने कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा तर आमच्याच हातचा टाका. तुम्ही आधी येऊन गेला आहात वाटतं." बाई कोट ठेवून निघून गेली, पावतीसुद्धा नेली नाही.

टाका आमचा म्हणजे माझा. आई शिवण शिकवायची तेव्हा ताई तिच्या शेजारी बसायची आणि मी समोर. समोरून पाहून पाहून मी सगळं आरशातल्यासारखं उलटं शिकले. माझ्या तुरपाईचे टाके दुसऱ्या बाजूला कलतात, आणि शेवटची गाठ आत लपायची ती बाहेर, सुलट बाजूला येते. मी ती नखाने दाबून बसवते. दिसत नाही, पण बोटाला लागते. "हजार कपड्यांत तुझा कपडा सापडेल," आई म्हणायची, आणि ते कौतुक नव्हतं.

कोट वर्षभर खुंटीवर राहिला. मग मी त्याची कड शिवून तो घातला, तर अगदी अंगाबरोबर बसला. खिशात ट्रामचं एक जुनं तिकीट होतं, शेजारच्या देशातल्या एका शहराचं. गाडीने एका रात्रीचा रस्ता, आणि आम्ही दोघी कधी गेलो नव्हतो. आम्ही कुठेच गेलो नव्हतो म्हणा. पन्नाशी झाली तेव्हा मी ठरवलं की शनिवार-रविवार तिथे एकटीने जायचं. चार महिने शिकवणी लावून तिथली भाषा कामापुरती शिकले.

अडचण एकच होती. ताईला लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं चष्म्यानेही अजिबात नाही. शिवते ती बोटांनी; पण दोरा ओवणं बोटांनी जमत नाही. ओवायची तारेची यंत्रं मी तीन वेळा आणली. तिने तिन्ही खणात टाकली आणि म्हणाली, "बहीण असताना तारेचं काय करू?" रोज मी तिला दोन सुया ओवून देते, एक हातातली आणि एक पुढची. जास्त ओवल्या की दोरे एकमेकांत गुंततात. ह्या वेळी मात्र शुक्रवारी बसून चाळीस ओवल्या आणि एकेक सुटी उशीत टोचून ठेवली. वीस पांढऱ्या, बारा काळ्या, बाकी मिसळ.

"दोन दिवस काय, दोन तास करमणार नाही तुला," ताई म्हणाली.

"बघू."

"बघ. आणि सोमवारी सकाळी वेळेवर ये. शाळेचे गणवेश यायचेत."

सरहद्दीवर गाडीत शिरलेल्या अधिकाऱ्याने माझा कोरा पासपोर्ट उलटसुलट पाहिला. "घरी निघालात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, फिरायला. माझ्या उच्चारांची कीव आल्यासारखा तो हसला आणि शिक्का मारून पुढे गेला.

शहर छान होतं. फरसबंद गल्ल्या, नदीवर तीन पूल, आणि मी कुणाची कुणी नाही ह्याचा आनंद. बाजारात एका गाळ्यावर उभ्या उभ्या गरम सूप प्यायले आणि ताई असती तर त्यात काय काय कमी निघालं असतं ते मोजलं. मनातल्या मनात सुद्धा मी तिलाच सोबत घेऊन फिरत होते. सवय लवकर सुटत नाही.

मुक्कामाच्या घराची मालकीण जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई होती. तिने माझं नाव वहीत शोधलंच नाही. किल्ली काढून हातात दिली आणि म्हणाली, "तिसरा मजला. नेहमीचीच." 'नेहमीची'ला त्या भाषेत आणखी काही अर्थ असेल असं समजून मी जिना चढले.

खोलीचा पडदा खिडकीसाठी दोन बोटं लांब होता म्हणून कुणीतरी दुमडून शिवला होता. असं काही दिसलं की माझा हात आपोआप जातो. टाके उलटे कललेले होते. मी कडेच्या टोकापर्यंत बोट नेलं. गाठ बाहेर होती, नखाने दाबलेली.

मी पलंगावर बसले आणि नीट विचार केला. जगात आईसमोर बसून शिकलेली मी एकटी थोडीच असेन? लाखभर असतील. विचार पटला. मी तोंड धुऊन बाहेर पडले.

दुपारी उपाहारगृहात वाढणाऱ्या मुलीच्या एप्रनला तोच टाका होता. ट्रामच्या पायऱ्या चढताना पुढच्या बाईच्या झग्याला तोच. नदीकाठी एक म्हातारा पायावर पाय टाकून बसला होता, त्याच्या पँटच्या पायाला तोच. संध्याकाळपर्यंत मी माणसांचे चेहरे पाहायचं सोडून दिलं होतं. फक्त कडा पाहत होते. सगळे कपडे काही तसे नव्हते. पण हाताने दुरुस्त केलेला एकही कपडा मला दुसऱ्या हाताचा दिसला नाही.

मी ताईला फोन लावला.

"एकतीस उरल्यात," ती म्हणाली. "चाचपून मोजल्या. करमतंय का?"

"करमतंय."

"खोटारडी," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्या अनोळखी चौकात एकटीच हसले.

रविवारी सकाळी सामान आवरून मी मालकिणीला विचारलं, "पडदे कुणाकडून शिवून घेतलेत?"

तिने चष्मा वर सरकवून आधी माझ्या कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गल्लीच्या टोकाला. दोघी बहिणींचं दुकान," ती म्हणाली. मग तिने सावकाश विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?"

गाडी चारची होती. गेले नसते तरी चाललं असतं. पण आपल्या हातचा टाका परक्या गावात पाहून तशीच परत जाणारी शिवणकरीण मी पाहिलेली नाही.

दुकानाचं दार उघडं होतं. आत एकमेकांसमोर दोन टेबलं, खिडकी डाव्या हाताला. भिंतीवर एक पाटी होती. तिचा शेवटचा शब्द ओळीत मावला नव्हता. तो खाली एकटाच लिहिला होता.

एका टेबलाशी ताईच्या वयाची एक बाई बसली होती. ताईसारखी दिसत नव्हती. रुंद हाडाची, पांढऱ्या आखूड केसांची. मी उंबऱ्यात असतानाच तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आलीस?" ती म्हणाली.

त्या भाषेतही घरच्यांशी बोलायची रीत निराळी आहे. शिकवणीत त्या रीतीसाठी दोन आठवडे खर्ची पडले होते. तिने तीच रीत वापरली.

"मी पाहुणी आहे," मी म्हटलं. "दोन दिवसांसाठी आले होते."

"दोन दिवस म्हणून तर गेलीस. पहिल्यांदाच एकटी. सुया आज सकाळीच संपल्या बघ."

तिच्यापुढे सुयांची उशी होती. सगळ्या सुया रिकाम्या. मी मोजल्या. चाळीस.

"मी ती नव्हे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. ऐकून न ऐकल्यासारखं करताना ताई म्हणते, अगदी तसं. आणि तिने एक सुई आणि काळं रीळ माझ्यापुढे धरलं. हात हवेत नेमका नव्हता. तिला जवळचं दिसत नव्हतं.

मला तिची दया आली. खरं सांगायचं तर ताईची आली. तीही आत्ता अशीच रिकामी सुई धरून बसली असेल असं वाटलं. मी समोरच्या खुर्चीत बसले. खुर्चीची गादी बसून बसून एका बाजूला दबली होती, माझी डावीकडे दबते तशी. टेबलावरच्या कात्रीच्या कडीला चिंधी गुंडाळलेली होती. माझ्या अंगठ्याला घट्टा आहे म्हणून मीही गुंडाळते.

मी एक सुई ओवली. दुसरी ओवली. तिसरी घ्यायला हात पुढे केला, तशी तिने माझं मनगट धरलं.

"दोन पुरेत," ती म्हणाली. "तू आहेस की आता."

मी घाबरले. पण ती काय म्हणाली ह्याला नाही. मला त्या खुर्चीत बरं वाटत होतं, त्याला घाबरले. पाठ नीट टेकली होती, उजेड डावीकडून येत होता, आणि उठावंसं वाटत नव्हतं.

मी उठले. तिने मला अडवलं नाही. तिला आता घाई नव्हती.

गाडीत चढताना कोटाची कड दारात अडकली आणि वीतभर उसवली. जागेवर बसल्या बसल्या मी ताईला फोन लावला.

"सुया किती उरल्या?" मी विचारलं.

"सुया मोजायचं काय काम आता?" ताई म्हणाली. "दोन ओवलेल्या आहेत. पुरेत तेवढ्या."

"कुणी ओवल्या?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ताईचा आवाज, फोनपासून जरा लांब, "नको उठूस. कुणाचा तरी फोन आहे, तू बस."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. शेजारच्या गल्लीतली भरतकामवाली आली असेल, तिने ओवून दिल्या असतील, असं मी स्वतःला रात्रभर समजावलं. तिला ताई 'नको उठूस' का म्हणेल, हे मात्र समजावता आलं नाही.

सोमवारी सकाळी मी आमच्या गल्लीत पोचले. दार उघडं होतं. कोपऱ्यात शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे येऊन पडले होते.

ताई तिच्या टेबलाशी होती. तिच्यासमोर, माझ्या खुर्चीत, एक बाई पाठमोरी बसली होती. डावीकडे जरा कललेली.

उशीत चाळीस सुया होत्या. अडतीस रिकाम्या.

मी दारातच उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

ताईला लांबचं स्वच्छ दिसतं. तिने मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसली. ते हसू मला पाठ आहे. ते गिऱ्हाइकांचं आहे.

"या," ती म्हणाली. "काय दुरुस्त करायचंय?"

"ताई," मी म्हटलं. पण सगळी गल्लीच तिला ताई म्हणते.

ती वाट पाहत होती. मी अंगातला कोट काढला आणि तिच्या टेबलावर ठेवला.

तिने उसवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. टोकाशी थांबली.

"हा तर आमच्याच हातचा टाका," ती म्हणाली. "तुम्ही आधी येऊन गेला आहात वाटतं."

समोरच्या खुर्चीतलीने मान वर केली नाही. ती सुईत दोरा ओवत होती.