अकरा नंबरची ओ

माझा वर्ग नेहमी एकाच बोलण्यानं सुरू होतो. "हार्डवेअर म्हणजे देह, सॉफ्टवेअर म्हणजे त्यात बोलणारा, आणि नेटवर्क म्हणजे संगत. एकटा देह मुका. संगत मिळाली की गायला लागतो." साठी ओलांडलेले दहा विद्यार्थी माना डोलावतात आणि निवृत्त कंपाउंडरकाका दर वेळी म्हणतात, "सर, आमचा तर संगत नसतानाही कुरकुरतो."

खोली वाचनालयाच्या वर, ऐन उन्हाची. दहा कॉम्प्युटर, दहा निळ्या वायरी आणि त्या सगळ्या जिथे जाऊन मिळतात तो बारा भोकांचा, वहीएवढा डबा कपाटात. धडा सोपा. समोरच्याचा नंबर टाकायचा, निरोप लिहायचा, बटण दाबायचं. पलीकडच्यानं 'ओ' लिहून पाठवायची. हाकेला ओ आली की नेटवर्क जमलं.

फक्त शिंपीणमावशींना ओ मिळत नव्हती. चाळीस वर्षं कारखान्यात गणवेश शिवले. आता सुईत दोरा जाईना. मालकांनी सांगितलं होतं, मापं कॉम्प्युटरवरून पाठवता आली तर मापांच्या टेबलावर बसा, नाहीतर घरी. शनिवारी ते स्वतः बघायला येणार होते. आणि मावशींचा हात तर कुणी बघायला लागलं की थिजायचा.

बुधवारी मात्र त्यांचा चेहरा फुलला होता.

"सर, ओ मिळाली. सोमवारपासून रोज मिळते."

"कुणाकडून?"

"अकराकडून. पहिल्या दिवशी एकचं बटण चुकून दोनदा दाबलं गेलं. पण भला जीव आहे हो. घाई करत नाही, चुकलं की सांगतो."

"मावशी, आपल्याकडे दहाच आहेत."

"मग हजेरीत घ्या त्याचं नाव," कंपाउंडरकाका म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

मी मावशींच्या पडद्याकडे पाहिलं. त्यांनी नजरेच्या अंदाजानं लिहिलं होतं : काकांची बाही तेवीस. खाली उत्तर होतं : ओ. साडेबावीस. हलू नका.

"माप घेताना मीसुद्धा असंच म्हणते," मावशी कौतुकानं म्हणाल्या. त्यांनी टेप काढून काकांच्या हाताला लावली. साडेबावीस.

शुक्रवारी मी कपाट उघडलं. डब्याचं अकरावं भोक रिकामं होतं. त्यावरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. डबा बिघडला असणार, अशी मी मनाची समजूत घातली. शनिवारी सकाळी लवकर येऊन, देवाचं नाव घेऊन, दहाही वायरी उपसल्या. दहा दिवे विझले. अकरावा चालू राहिला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मालक तासभर आधीच आले होते. त्यांना खुर्ची, पाणी, मग मागोमाग सगळी मंडळी, नमस्कार-चमत्कार. या गडबडीत कपाट माझ्या डोक्यातून पार गेलं.

मालक मावशींच्या शेजारी उभे राहिले. "माझंच माप पाठवा, बाई."

मावशींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि टाइप करायला घेतलं. हात थिजला नाही. छाती अडतीस. नंबर अकरा.

त्यांनी बटण दाबलं आणि मला वायरी आठवल्या. बाईंची रोजीरोटी माझ्या एका चुकीनं बुडणार होती.

मी कपाटाकडे धावलो. वायरींचा ढीग तसाच पडलेला. त्यातली मूठभर उचलली तोच मागे मोठ्यानं हशा पिकला.

मालक पडद्यावरचं वाचून दाखवत होते, "ओ. अडतीस नाही, चाळीस. हलू नका." मग पोटावर हात फिरवत म्हणाले, "खरं आहे. यंदा वाढलोय. सोमवारपासून टेबलावर या, बाई."

टाळ्या वाजल्या. मावशींनी डोळे पुसत पडद्याला हात जोडले. काका म्हणाले, "अकराव्याला पहिला नंबर द्या, सर."

मंडळी हसत, गोंगाट करत खाली गेली. खोलीत ऊन आणि मी, दोघंच उरलो. हातात वायरींची मोकळी टोकं होती.

माझ्या जवळच्या टेबलावरचा पडदा आपोआप उजळला.

सरांचं माप.

डावा खांदा अर्धा इंच खाली.

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. कपाटाच्या दारावरच्या आरशात पाहिलं. खांदा खाली होता.

आणि त्यावर कुणीतरी अलगद टेप ठेवत होतं.

मी हललो नाही.