पंपाच्या अंगावरचा काटा

पंप साफ करायची पाळी आली आणि त्याचं झाकण उघडायचं म्हटलं, की कोठावदे सिस्टरांचा सकाळचा चहा घशाशी येई. आतून कोंदट, कोमट वाफ यायची आणि तिला खवट तळणाच्या तेलाचा वास असायचा. उभी हयात सिस्टरांनी सरकारी दवाखान्यात काढली. किडे पडलेल्या जखमा धुतल्या, पण नाकाला कधी पदर लावला नाही. आता म्हातारपणी एका यंत्रानं आपल्याला किळस शिकवावी, याचाच त्यांना जास्त राग होता.

नाशिकच्या त्या ज्येष्ठ जलतरण मंडळाचा जुना हीट पंप हवेतली ऊब ओढून तलावात सोडायचा. जाळीतला पालापाचोळा काढला, भोवती वारा खेळायला जागा ठेवली, की त्याचं भागत असे. पण थंडी पडली की बेटा धापा टाकायचा. म्हणून मंडळानं नवा ‘ऊबपंप’ आणला. तान्ह्या बाळाच्या पाठीत तपकिरी चरबी असते, ती जळून त्याचं अंग गरम ठेवते. तसल्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून या पंपाच्या नळ्यांवर थापल्या होत्या, आणि वरून संरक्षणाला पातळशी कातडी. सभासदांनी घरचं उरलेलं तळणाचं तेल आणून पंपाला पाजायचं, गळालेल्या खपल्या ट्रेमधून काढायच्या, आत पाल-झुरळ शिरू द्यायचं नाही. वीज नावापुरती लागे.

सिस्टर खपल्या काढत आणि मनातल्या मनात शिव्या हासडत. तोंडानं मात्र चकार शब्द नाही, कारण त्यांचे गुडघे. जमिनीवर काठीशिवाय पाऊल उचलत नव्हतं, पण त्या उबदार पाण्यात उतरल्या की या काठापासून त्या काठापर्यंत त्या स्वतःच्या पायांनी चालत जात. पाणी गार असेल तर ते सुखही नाही. गरजवंताला अक्कल नसते, असं म्हणून त्या ट्रे धुवायला घेत.

खंडेनवमीला घोळ झाला. मंडळाचे अध्यक्ष बच्छाव सर ताम्हन घेऊन पंपासमोर उभे राहिले.

“सर, पूजा बाहेरूनच करा,” सिस्टर म्हणाल्या. “आतली कातडी नाजूक आहे.”

“अहो सिस्टर, आपण घरच्या मिक्सरलासुद्धा कुंकू लावतो. हा तर आपल्या सगळ्यांची हाडं सांभाळतो.”

सरांनी झाकण उघडलं, कातडीवर हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि वर झेंडूची माळ टेकवली. कातडी आक्रसली. तिच्यावर बारीक काटा उठला, थंडीत माणसाच्या दंडावर उठतो तसा.

“पावला बरं का,” सर म्हणाले, आणि सगळ्यांनी हात जोडले.

दसरा उलटला आणि पाणी गार पडायला लागलं. कुंकू लागलं होतं तिथे लाल चट्टे उठले होते, त्यांतून पिवळट पाणी झिरपत होतं. कंपनीची इंजिनिअर आली, प्राजक्ता नावाची. तिनं माळ चिमटीनं उचलून फेकली.

“याला कळतं का गं?” सिस्टरांनी विचारलं.

“कळतं असं नाही, मावशी. पण आत मज्जातंतू ठेवावे लागतात. थंडी वाजल्याशिवाय ही चरबी पेटतच नाही. म्हणून पंप तिला सतत गारठवत ठेवतो. ती ऊब करते, पंप ती ओढून पाण्यात सोडतो, की ती पुन्हा गारठते.”

“आणि हे थांबतं कधी?”

“थांबलं तर तलाव गार पडेल ना.”

प्राजक्तानं गाडीतून एक जाड पत्र्याचं झाकण आणलं. त्याला कुलूप होतं. तेल बाहेरूनच ओतता येणार होतं. “आता कुणाचा हात लागणार नाही, आणि काही दिसणारही नाही,” ती म्हणाली. बच्छाव सरांना एकदम हायसं वाटलं.

वास रोजचाच होता, पण सिस्टरांची आताची किळस वासाची नव्हती. सडक्या जखमांची त्यांना कधी घाण वाटली नव्हती, कारण त्या कुणी मुद्दाम राखलेल्या नसत. इथे सगळे पाळी लावून राखत होते, आणि पाळीत त्यांचंही नाव होतं.

त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतलं सलाइन घेतलं आणि चट्टे धुतले. कातडी थरथरली. मग सवयीनं, बाळंतिणींच्या वॉर्डात गारठलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवत तसा त्यांनी अख्खा तळवा तिच्यावर ठेवला. तळव्याखालचा काटा बसला. मग शेजारचा, मग हळूहळू नळीभर. थरथर थांबली, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमापकाचा काटा खाली यायला लागला.

“मावशी, हात काढा,” प्राजक्ता म्हणाली. “ऊब मिळाली की ती काम सोडते.”

काठावर बसलेल्या बच्छाव सरांनी पंपाचं पाणी तलावात पडतं तिथे घातलेला पाय बाहेर काढला. “सिस्टर, मी माझ्यासाठी म्हणत नाही. तुमच्याच गुडघ्यांसाठी सांगतोय.”

खोटं नव्हतं ते. गुडघे ठणकत होते आणि तेही हेच सांगत होते. सिस्टरांना स्वतःच्या गुडघ्यांची शिसारी आली. तळव्याखाली ती कातडी मऊ, निवांत पडून होती.

प्राजक्ता झाकण घेऊन शेजारी उभी राहिली.

“लावू ना, मावशी?”