राखीव माणसाची मुलगी

आमची ओळख झाली ती एकाच किडनीपायी. किडनी त्याची होती, आणि त्याला नाही चालली तर माझ्या बाबांची.

पद्धतच तशी असते. मरणोत्तर दान आलेल्या एका किडनीसाठी दोघांना बोलावतात – एक पहिला आणि एक राखीव. ऐनवेळी पहिल्याचं काही बिनसलं तर राखीवाचं नशीब उघडतं, नाहीतर त्याने उपाशीपोटी घरी जायचं. बाबा राखीव होते. पहिला समोरच्या बाकावर एकटाच, डोळे मिटून, मान वाकडी करून बसला होता. मला वाटलं, चक्कर आली. विचारलं तर म्हणाला, "जरा गप्प बसा. तुमची लिफ्ट ऐकतोय. दुपारपर्यंत अडकणार ती."

तुमची लिफ्ट म्हणे, जशी काही मीच घेऊन दिली होती हॉस्पिटलला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. त्या दिवशी आलेले अवयव कोणाच्याच कामाचे निघाले नाहीत. दोघांनाही परत पाठवलं, आणि लिफ्ट खरंच अडकली. चार जिने उतरताना बाबांचा एक हात त्याने धरला होता, एक मी.

मग डायलिसिसच्या वॉर्डात भेटी व्हायला लागल्या. बाबांचे आठवड्यातून तीन दिवस, त्याचे सहा. असं का, ते त्याने मला हसत हसत सांगितलं. लिव्हरमध्ये जन्मापासूनची खोट. ते नको तो क्षार बनवत राहतं, त्याचे खडे होतात आणि किडनी भरून जाते. आधी हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. नुसती किडनी बिघडली असं समजून आईची बसवली, तीही वर्षभरात तशीच गेली. आता लिव्हर आणि किडनी, दोन्ही एकाच वेळी हवीत. मशीन कितीही उपसू दे, उरलेला क्षार हाडांत, हृदयात साठतच चाललाय.

"आईने पोटातून काढून दिलेली वस्तू... तीही सांभाळता आली नाही मला," तो म्हणाला, आणि तेवढ्यापुरतं हसायचं विसरला.

एकदा म्हणाला, जगाचे चष्मे नीट करता आणि स्वतःचा वाकडा? सुई नसलेल्या हाताने त्याने तो माझ्या नाकावर सरळ बसवला. झालं. पुढच्या खेपेपासून मी चष्मा मुद्दाम वाकवून जायला लागले. बाबा तोंडावर पेपर धरून झोपेचं सोंग घ्यायचे.

सात महिन्यांनी पुन्हा फोन आला. पुन्हा तो पहिला, बाबा राखीव, तेच दोन बाक. देवापाशी काय मागायचं ते मला कळेना. त्याचं भलं मागावं तर बाबा परत घरी, बाबांचं मागावं तर... मी काहीच मागितलं नाही.

अकराच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. आलेल्या लिव्हरवर चरबी होती, ते बसवता येणार नव्हतं. किडनी मात्र उत्तम होती. नुसती किडनी हवी असेल तर निर्णय तुझा, नशिबाने साथ दिली तर वर्षभर मशीन सुटेल, असं त्यांनी त्याला सांगितलं. मी त्याला हाताला धरून जिन्यात नेलं.

"घे," मी म्हणाले. माझे बाबा दहा पावलांवर बसले होते आणि मी हे म्हणाले. त्याची लाज मला अजून वाटते.

"वर्षभराने तिच्यातही खडे होतील. काकांकडे वीस वर्षं टिकेल ती."

"वर्ष तर वर्ष. मला हवंय ते."

"मलाही हवंय गं." त्याचा आवाज फुटला. "पण आईची एक वाया घालवली मी. आता दुसरी नाही घालवायची."

बाबा हात जोडून नको नको म्हणत होते. त्याने त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. मला कडकडून भूक लागलीय, उगाच वेळ काढू नका, असं म्हणून तो निघून गेला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बाबा ग्लासभर पाणी एका दमात प्यायले. डायलिसिसवर पाणीही मोजून मिळायचं, असं प्यायले ते कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मला आनंद झाला, आणि तो आनंद घशाखाली उतरेना.

चौथ्या दिवशी मी डायलिसिसच्या वॉर्डात त्याच्याकडे गेले. त्याने सगळं खोदून खोदून विचारलं. लघवी किती होते, रंग कसा आहे, पायांची सूज उतरली का? एखाद्या लग्नाची हकीकत ऐकावी तसा ऐकत होता. मग म्हणाला, "आता येत जाऊ नकोस. हृदय दमलंय म्हणतात. सहा महिने फार तर... तेवढ्यात फोन यायचा नाही. तू मला आवडतेस, लिफ्ट अडकली त्या दिवशीच्या जिन्यापासून, म्हणूनच सांगतोय. माझ्यापायी वाया जाशील."

असा संताप आला मला.

"मी किडनी नाहीये," मी म्हणाले. "वाया जायचं की नाही ते माझं मी ठरवीन. सहा तर सहा. माझे आहेत ते, आणि मी ते कोणा राखीवाला देणार नाही."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते. त्याचं मशीन संपायला अजून साडेतीन तास होते. मी स्टूल ओढलं आणि त्याच्या उशाशी बसले.