पाचचा सूर आणि बाबांचे एक्केचाळीस हजार

“सात मिनिटं उशीर!” सानाए ओरडली. “काल चार होती, आज सात!”

सभागृहाच्या पायरीवर तिघं बसले होते आणि तिघांच्याही माना वर, खांबावरच्या कर्ण्याकडे होत्या. त्यातून आत्ता कुठे पाचचा सूर वाहू लागला होता. आमच्या इसोझाकी बंदरात हा सूर लागला की मुलांनी खेळ आवरून घरी जायचं, हे ठरलेलं. त्या वर्षी जुलै-ऑगस्टच्या उन्हाळी सुट्टीत मात्र मुलं त्याची वाट बघत बसायची. सूर लागला की सभागृहातलं कपाट उघडायचं, आणि कपाटात होते बंदरातल्या मुलांचे हातातले गेम. सगळे मिळून चार!

नियम कुरामोतो सरांचा. सर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. सकाळी साडेसहाला रेडिओवरच्या कवायतीला यायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, गेम जमा करायचा. रविवार सोडून रोज!

“घरी जाऊन नूडल्स खाऊ या,” किन्या म्हणाला. तो नऊ वर्षांचा होता आणि त्याला सगळ्या अडचणींवर हेच उत्तर सुचायचं.

“गप रे!” सानाए म्हणाली. “मित्सुरु, लिहून ठेव.”

अकरा वर्षांच्या मित्सुरुने वही काढली.

*

(वहीतून. मुखपृष्ठावर कलिंगडाचा डाग.)

सुट्टीतलं संशोधन, इयत्ता सहावी.
प्रश्न : हातातला गेम बाळगण्याच्या लायकीचा आहे का?
साहित्य : गेम एक. पेन्सिल सेल, चार. घड्याळ. आई.
आईचं मत : नाही.
निरीक्षण १ : नवे सेल साडेअकरा तास चालतात. बाजूचा लाल दिवा मंदावला की त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अठ्ठेचाळीस.
निरीक्षण २ : गेम कपाटात असतानाही सेल संपतात!!

*

दुसऱ्या उद्गारचिन्हापाशी शिसाचं टोक मोडलंय. अजून दिसतं.

“कपाटात गेम कसा खेळेल आपोआप?” किन्याने विचारलं.

“तोच तर प्रश्न आहे,” मित्सुरु म्हणाला. कपाटातून परत मिळालेला गेम त्याने चालू केला आणि त्याचा चेहरा पडला. “सानाए... माझं नाव गेलं.”

वरून पडणाऱ्या विटा रचायचा तो खेळ. त्याच्या पोटात पहिल्या तिघांची नावं राहायची, सेल काढले तरी पुसली जायची नाहीत. सुट्टी लागली तेव्हा पहिले होते बाबा : ४१,२६०. मग मित्सुरु. मग सानाए. बुधवारी सानाएचं नाव गेलं होतं. आज गुरुवार. आता पडद्यावर होतं :

१. – – – ५२,७१०
२. – – – ४३,९००
३. बाबा ४१,२६०

“नावाच्या जागी नुसत्या रेघा!” सानाए म्हणाली. “जो खेळलाय त्याला नाव कसं घालायचं तेही येत नाही.”

“अजून एकदा तो जिंकला तर...” मित्सुरुचं वाक्य तिथेच थांबलं.

पुढचं त्याला बोलायची गरज नव्हती. त्याचे बाबा मालवाहू जहाजावर होते, नवीन वर्षाला घरी येणार होते. निघायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी बसून, जीभ बाहेर काढून, त्यांनी तो आकडा केला होता. “मी येईपर्यंत मोडून दाखव!” असं म्हणून गेले होते. मित्सुरु अजून मोडू शकला नव्हता. तो मोडायचा तर त्यानेच! आणि बाबांसमोर!

“खेळाची कॅसेट काढून ठेव ना घरी,” किन्या म्हणाला.

“नाही चालत. सर सकाळी गेम चालू करून बघतात. ‘चालतोय ना? ठीक. ठेव.’”



“एक मिनिट,” सानाए हळूच म्हणाली. “जप्त केलेला गेम चालतोय की नाही, याच्याशी सरांना काय करायचंय?”

*

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी तिघं सभागृहाच्या मागच्या भिंतीला पाल चिकटावी तसे चिकटले. कापराच्या झाडावर किड्यांनी किरकिरून नुसता उच्छाद मांडला होता, त्यामुळे कुजबुजायची भीती नव्हती. सानाए खिडकीतून बघायला किन्याच्या पाठीवर उभी राहिली.

“लवकर बघ! तू जड आहेस!”

“मी जड नाही, तू कच्चा आहेस. हं... पंखा लावलाय. सातूचा गार चहा आहे. हाचिया काका दिसतायत.” हाचिया काका सभागृहाचे राखणदार. पाचच्या सुराची कॅसेट तेच यंत्रात घालायचे. “कुरामोतो सर आहेत. मांडी घालून बसलेत, अगदी पूजेला बसल्यासारखे. हातात... अगं बाई! हातात तुझा गेम, मित्सुरु!”

“मला माहीतच होतं!” मित्सुरु दातओठ खात म्हणाला.

“आणि तिसरा कुणीतरी आहे, पाठमोरा. सरांच्या खांद्यावरून ‘डावीकडे! डावीकडे!’ करतोय. आता वळला...”

सानाए पाठीवरून खाली उतरली. तिचा चेहरा टोफूसारखा पांढरा पडला होता.

“कोण होतं?”

“माझे बाबा,” ती म्हणाली.

आता सगळंच उलगडलं. सानाएचे बाबा पाचच्या सुरानंतर पितळी पिपाणी वाजवत टोफू विकायला निघायचे. गेला आठवडाभर पिपाणीला उशीर, म्हणून घरोघरी रात्रीच्या सूपला उशीर, म्हणून सार्वजनिक न्हाणीघरात गर्दी उशिरा! आख्खं बंदर पाच-सात मिनिटं मागे सरकलं होतं आणि लोक उन्हाळ्याला दोष देत होते.

त्या दिवशी सूर अकरा मिनिटं उशिरा लागला. कपाट उघडल्यावर मित्सुरुने आधी पडदा बघितला. बाबा होते. तिसरेच, पण होते.

सभागृहाच्या दारावर नवीन कागद लागला होता, सरांच्या सुरेख अक्षरात :

“हातातल्या खेळांमुळे मुलांचे वेळेचे भान सुटते. हे खेळ बंदरातून कायमचे बंद करावेत काय, यावर रविवारी सकाळी सभा.”

“वेळेचं भान!” सानाए फुसफुसली. “मुलांचं!”

मित्सुरुच्या आईने तो कागद वाचला आणि घरी येऊन सांगितलं, “सभेत ठरलं तर गेम ताकामात्सु शहरातल्या मावशीकडे जाईल. तुझ्या बाबांना मी समजावेन.”

*

(वहीतून.)

उपाय, सुचवणारा किन्या : सगळ्यांना जाऊन सांगू या.
अडचण : सर विरुद्ध आम्ही. कोण विश्वास ठेवेल?
उपाय, सुचवणारा किन्या : नूडल्स.
उपाय, सुचवणारी सानाए : त्यांनी स्वतःच सांगितलं तर?

*

शनिवारी सकाळी कवायतीनंतर मित्सुरुने गेम सरांच्या हातात दिला. सरांनी तो चालू करून बघितला.

“चालतोय ना? ठीक. ठेव.”

सरांनी चष्मा घातला नव्हता. घातला असता तर बाजूचा लाल दिवा किती मंद आहे ते त्यांना दिसलं असतं. मित्सुरुने आदल्या संध्याकाळी जुने सेल दिवा मंदावेपर्यंत चालवले होते, आणि मंदावताक्षणी गेम बंद केला होता. पोटात उरली होती बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटं. सेलच्या झाकणाखाली, चार घड्या घातलेला, सानाएच्या अक्षरातला एक कागद होता. तो वाचून त्यांना स्वतःच कबूल करावं लागेल, असा तिचा बेत होता.

“ते चार वाजून बारा मिनिटांच्या आधी खेळायला बसले पाहिजेत,” मित्सुरु म्हणाला. “नाहीतर पाच वाजून जातील.”

“बसतील. बाबा आज टोफूही घाईघाईने कापतायत,” सानाए म्हणाली. “बोटं शाबूत राहिली म्हणजे मिळवलं!”

चार वाजून दहा. भिंत. किडे. किन्याची पाठ.

“बसले! आज माझे बाबा खेळतायत!”

साडेचार. “वीस हजार!”

पावणेपाच. “चौतीस हजार. हाचिया काका ओरडतायत!”

मित्सुरुने डोळे मिटून घेतले. विटा पडल्याचा तो बारीक टकटक आवाज भिंतीला कान लावला की ऐकू येत होता. त्याला वाटलं, आपल्या हिशोबात चूक झाली असेल तर? तीनदाच मोजलं होतं. चौथ्यांदा मोजायला हवं होतं.

चार छप्पन्न. “एकोणचाळीस हजार! मित्सुरु, बाबा तुझ्या बाबांना गाठतायत!”

चार सत्तावन्न. “चाळीस हजार आठशे! एक्केचाळीस...”

टकटक थांबली.

आतून एकच आरोळी, “मेला! मेला! सेल बघा!”

*

पुढचं सगळं आख्ख्या बंदराने ऐकलं. न्हाणीघरासमोर, धक्क्यावर, बर्फाचा गोळा विकणाऱ्या बाईंच्या टपरीपाशी. कुणी काय ऐकलं याची नंतर इतकी वर्षं चर्चा झाली, की ते तसंच मांडलेलं बरं :

कर्णा : (पाचचा सूर, बरोबर पाच वाजता. शेवटपर्यंत.)

कर्णा : “मुलांनो, पाच वाजले. सांभाळून घरी जा.” (हे हाचिया काका, धापा टाकत. यानंतर ते माइकचं बटण बंद करायचे. त्या दिवशी गडबडीत केलं नाही.)

कर्णा : “हा कागद कुणी ठेवला सेलखाली? वाचा, सर, वाचा!”

कर्णा : “‘पाच वाजत आले. सूर लावा. आणि कृपा करून बाबांचं नाव पुसू नका.’ ...कुणाच्या बाबांचं?”

कर्णा : “ते जाऊ द्या हो! साडेचारशे कमी होते! साडेचारशे! तिसरा आलो असतो मी!”

(धक्क्यावर सानाएच्या आईच्या हातातली मासळीची टोपली खाली पडली.)

कर्णा : “तुम्ही माझं ‘डावीकडे’ ऐकत नाही. मी बावन्न हजार केले ते काय उगाच?”

कर्णा : “सर, तुमचे बावन्न हजार झाले त्या दिवशी सूर सात मिनिटं उशिरा लागला होता!”

कर्णा : “शू! हाचिया, त्या माइकवर लाल दिवा कसला लागलाय?”

कर्णा : (चहाचा पेला लवंडल्याचा आवाज.)

कर्णा : “अरे देवा.”

*

रविवारी सभेला जेवढी माणसं आली, तेवढी उत्सवालाही येत नाहीत. तिघं पुरुष पुढे गुडघ्यांवर बसले होते, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. सरांनी दारावरचा कागद स्वतःच्या हाताने काढून घडी करून खिशात ठेवला होता. त्यांनी मुलांपुढे कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकून माफी मागितली.

“बत्तीस वर्षं मी मुलांना घड्याळ शिकवलं,” मित्सुरुने दिलेली वही हातात धरून सर म्हणाले. “काल मुलांनी मला शिकवलं. अठ्ठेचाळीस मिनिटं! मी परीक्षक असतो तर या वहीला पैकीच्या पैकी दिले असते.”

“शाबास!” मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. किन्याने त्या सगळ्या स्वतःसाठी आहेत असं समजून कमरेत वाकून नमस्कार केला.

“पण वहीचं शेवटचं पान कोरं आहे,” सर म्हणाले. “प्रश्नाचं उत्तर काय, मित्सुरु? बाळगण्याच्या लायकीचा आहे का?”

मित्सुरु उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. त्याने आईकडे बघितलं.

“वेळ खातो,” तो म्हणाला. “सेल खातो. मोठी माणसंसुद्धा खातो.” हशा पिकला. “पण... बाबांचा कोट कपाटात आहे. चपला दारात आहेत. त्यांच्याशी काही खेळता येत नाही. बाबांशी खेळता येतं ते फक्त यातच.”

मित्सुरुची आई उठली, पुढे आली आणि तिने हात पुढे केला.

“बघू तो डबा.”

तिने तो उलटा धरला होता. सानाएने सुलटा करून दिला. आईने ते तिसरं नाव बराच वेळ वाचलं. दोनच तर अक्षरं होती.

“आता कुणी यांच्यापेक्षा जास्त केले, तर हे नाव जाणार?”

“हो.”

“मग आपण कुणी खेळायचंच नाही का?”

खेळलं नाही तर गेम कशाला, आणि खेळलं तर बाबा जाणार!

“मी सांगू?” कुरामोतो सर जागेवरूनच म्हणाले. “खेळायचं. भरपूर खेळायचं. फक्त एक्केचाळीस हजारांच्या आत हरायचं!”

आणि मग आमच्या बंदरात तो विचित्र ऑगस्ट आला. अजूनही त्या वेळची माणसं भेटली की त्याचीच गोष्ट निघते. रोज सूर लागल्यावर सभागृहात सगळे जमायचे, मुलं आणि मोठी माणसं, आणि पाळीपाळीने खेळायचे. तीस हजार झाले की बघे पुढे सरकायचे. पस्तीस झाले की बोलणं थांबायचं. सानाएचे बाबा चाळीस हजारांवर पोचले की घामाघूम व्हायचे, कारण चांगलं खेळणाऱ्या हाताला वाईट खेळायला लावणं फार अवघड असतं. मित्सुरुच्या आईला मात्र त्रास नव्हता. तिचे जास्तीत जास्त सहाशे व्हायचे.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सरांची पाळी होती. सदतीस हजार. एकोणचाळीस. चाळीस हजार नऊशे. विटा वेगाने पडत होत्या आणि सरांची म्हातारी बोटं त्याहून वेगाने फिरत होती. एक्केचाळीस हजार दोनशे! बाबांना गाठायला फक्त साठ कमी! एक लांब वीट वरून आली. खाली तिला अगदी नेमकी जागा होती.

सरांनी दोन्ही हात वर केले.

वीट आडवी पडली. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. विटा छतापर्यंत चढत गेल्या आणि खेळ संपला. सभागृहात असा जल्लोष झाला, की धक्क्यावरच्या कोळ्यांनी वळून बघितलं.