तीन नंबरचा नोझल

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला, पनवेल सोडता सोडता डाव्या हाताला माझं पंप-नोझलचं दुकान आहे. ट्रकवाले, टेम्पोवाले, न्हावा शेव्याचे ट्रेलरवाले येतात. नोझल म्हणजे डिझेल इंजिनाच्या डोक्यात बसवलेली बोटभर पोलादी नळी. पंप तिच्यात डिझेल दाबतो आणि ती त्याचं धुकं करून सिलिंडरमध्ये सोडते. धुकं पडलं तर इंजिन चालतं, थेंब पडले तर धूर ओकतं. मी नोझल उघडतो, साफ करतो, मग हाताच्या टेस्टरवर चढवून प्रेशर बघतो. चांगला नोझल हँडल दाबताच किरकिरतो. आम्ही म्हणतो, नोझल बोलला. न बोलणारा नोझल मी कोणाला परत देत नाही. तेवीस वर्षं हेच काम केलंय, आणि या कामात मला न समजणारं फार काही उरलं नव्हतं.

२०१२ च्या फेब्रुवारीत एका दुपारी पेणकर बाई रिक्षाने दुकानात आल्या. हदासा पेणकर. पनवेलात इस्रायल लोकांची, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंची, जी थोडी घरं उरली होती त्यातलं एक त्यांचं. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी शाळेत भूमिती शिकवली होती. त्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "दयाराम, आमच्या गाडीचे नोझल साफ करून बसवायचेत. घरी येऊन."

मी घरी जाऊन काम करत नाही. तसं सांगितलंही.

"मेकॅनिक कोणी हात लावत नाही त्या गाडीला," बाई म्हणाल्या. "सव्वीस तारखेला मी जातेय. मुलाकडे, अवीवकडे. इस्रायलात, अश्दोदला. कायमची. त्याआधी एकदा ती चालू व्हायला हवी."

"विकायची आहे?"

"नाही. फक्त चालू करायची."

मी हो म्हटलं. भावाच्या बाई होत्या, नाही कसं म्हणणार. "शनिवार सोडून कधीही या," असं सांगून त्या गेल्या.

मेकॅनिक हात का लावत नाहीत ते मला माहीत होतं, पनवेलात सगळ्यांनाच माहीत होतं. बाईंचे यजमान आरोन पेणकर न्हावा शेव्याला मालाची पाहणी करायचं काम करत. २००८ च्या नोव्हेंबरात एका सकाळी ते घरून निघाले आणि पोचले नाहीत. गाडी गव्हाण फाट्याच्या पुढे, खाडीच्या कडेला सापडली. काचा वर, दारं बंद, चष्मा डॅशबोर्डवर, इंजिन चालू. माणूस नाही. चिखलात पावलं नाहीत. कोळ्यांनी चार दिवस जाळी टाकून खाडी धुंडाळली. काही मिळालं नाही.

मी सोमवारी सकाळी दहाला गेलो. टपाल नाक्याच्या आतल्या बाजूला त्यांचं बैठं घर, शेजारी पत्र्याची शेड. शेडमध्ये गाडी. ब्याऐंशी सालची जर्मन गाडी, फिकट पिवळी, पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन. कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात आरोननी घेतली होती. चारही चाकांतली हवा गेलेली, काचेवर बोटभर धूळ. आतून सीट मात्र नवी असल्यासारखी होती.

बॉनेट उघडलं. आधी टाकी बघितली, कोरडी ठणठणीत. फिल्टरमध्ये डिझेलचा वास तेवढा उरलेला. पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या पाच नळ्या सोडवल्या, त्याही कोरड्या. सत्तावीस नंबरचा खोल पाना लावला. एक नंबरचा नोझल हलेना, पाईप लावून जोर काढला तेव्हा सुटला. टोकाला काजळीचं टोपण. दोन नंबर तसाच.

तीन नंबर हाताने फिरला.

बाहेर काढला तर टोक स्वच्छ, आणि ओलं. बोटावर घेऊन वास घेतला. ताजं डिझेल. तीन वर्षं पडलेल्या डिझेलला आंबूस वास येतो, रंग काळपट होतो. हे पिवळं होतं. आणि नोझल कोमट होता. बराच वेळ मुठीत धरलेलं नाणं असतं तेवढा.

मी पत्र्याकडे बघितलं. ऊन अजून शेडवर आलेलं नव्हतं.

चार आणि पाच नंबर पहिल्या दोघांसारखेच निघाले, गार आणि काजळलेले. पाचही नोझल फडक्यात गुंडाळत होतो तेव्हा बाई पाणी घेऊन आल्या.

"ही बंद कशी झाली होती?" मी विचारलं. "म्हणजे, सापडली त्या दिवशी."

"हवालदाराने किल्ली फिरवली, पण बंद होईना. किल्ली काढून घेतली तरी चालूच. मग फोन करून कोणाला तरी विचारलं त्यांनी. तोवर डिझेल संपलं, आपोआप थांबली. मी तिथे उभी होते." त्यांनी रिकामा पेला घेतला. "दुपारचे दोन वाजले होते."

त्यात नवल नव्हतं. या जुन्या इंजिनांना किल्लीने बंद करणारी रबरी नळी फाटली की ती किल्लीला जुमानत नाहीत. इंजिनावर एक लोखंडी खटका असतो, तो हाताने दाबावा लागतो. मी बाईंना तसं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

दुकानात आणून पाचही नोझल उघडले, धुतले, पितळी ब्रशने काजळी काढली, दोघांच्या सुया बदलल्या. टेस्टरवर एकशे वीसच्या प्रेशरला चार जण नीट बोलले. तीन नंबर मी सगळ्यात शेवटी चढवला. हँडल खाली दाबलं. धुकं पडलं, अगदी बारीक, सुरेख. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. काटा एकशे वीसला जाऊन परत आला, धुकं पडलं, आवाज नाही.

माझा नियम वर सांगितलाच आहे. तरी तो नोझल मी बाजूला काढला नाही. त्या मापाचा दुसरा पनवेलात मिळाला नसता आणि सव्वीस तारीख जवळ आली होती. पाचही नोझल कोरडे पुसून डब्यात ठेवले, झाकण लावलं. सकाळी उघडले तर चार कोरडे होते. तीन नंबरच्या टोकाला थेंब लोंबत होता आणि डब्याच्या तळाशी अर्धा चमचा डिझेल साचलं होतं. आत काहीतरी उरलं असेल, असं म्हणून मी पुसून टाकलं. मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही, आणि हेच मला नंतर विचित्र वाटलं.

बुधवारी बसवायला गेलो. नवी बॅटरी, कॅनमध्ये पाच लिटर डिझेल. नोझलखालचे वॉशर नवे घातले, नोझल कसले, परतीच्या नळ्या बदलल्या, हातपंप मारून हवा काढली. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबलो आणि दाराबाहेर उभा राहून, हात आत घालून किल्ली फिरवली.

दुसऱ्या फेऱ्यात इंजिन लागलं.

तीन वर्षं पडलेलं इंजिन आधी खोकतं, पांढरा धूर सोडतं, थरथरतं. हे तसं काहीच न करता एका लयीत चालू झालं, जसं आत्ता कोणी सिग्नलला थांबवलं होतं. बाई घराच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या शांतपणे आल्या, डावीकडचं पुढचं दार उघडून बसल्या आणि दार ओढून घेतलं. पर्स मांडीवर ठेवली.

मी बॉनेटपाशी गेलो. लयीत एक बारीक ठोका येत होता, तीनच्या जागी. असा ठोका शोधायची साधी रीत आहे. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करायचा. डिझेल बाहेर गळतं, तो सिलिंडर मरतो, इंजिन लंगडतं. जो नट सोडल्यावर फरक पडत नाही तो नोझल खराब.

डावा हात इंजिनाच्या झाकणावर टेकवला आणि उजव्या हाताने एक नंबरचा नट सोडला. डिझेल गळलं. इंजिन लंगडलं नाही.

दोन सोडला. फरक नाही.

चार सोडला, मग पाच. कान लावून ऐकलं. लय तीच. चार सिलिंडर मेलेले आणि एकटा तीन नंबर सगळं ओढतोय, असं होत नाही. मी तीनचा नटही सोडला.

पाचही नटांतून डिझेल ओघळत होतं. एक थेंबही आत जात नव्हता. इंजिन चालू होतं.

मी खटका दाबला. खटका पार खाली गेला. इंजिन चालू होतं.

तेव्हा मला बाईंचा आवाज आला. काच खाली होती. त्या समोर बघत नव्हत्या, उजवीकडे ड्रायव्हरच्या सीटकडे बघत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "डिझेल संपलं होतं."

मग म्हणाल्या, "हवालदार होता तो. त्याला काय माहीत."

बाईंची मान किंचित झुकली होती, कमी ऐकू येणारा माणूस झुकवतो तशी.

"अवीवकडे. हो, बरा आहे."

"नाही. तुम्हाला नाही येता येणार, अहो."

माझा डावा हात अजून झाकणावर होता. इंजिन दहा मिनिटं चाललं होतं, झाकणावर हात ठेववायला नको होता. ते गार होतं. गार म्हणजे बर्फाच्या लादीसारखं, खालून वर चढणारं गार. तळव्याखाली ठोका जाणवत होता, आणि तो इंजिनाच्या लयीत नव्हता. हळू होता.

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा कोरा होता.

"दयाराम," त्या म्हणाल्या, "हात काढा तिथून."

मी हात उचलला. तो लगेच आला नाही.

मग इंजिन थांबलं.

बाई खाली उतरल्या, दार हलकेच लावलं. मी नट कसले, हत्यारं पुसली, बॅटरी सोडवली. कामाची ही सगळी यादी मला आठवते, त्यात काही वाटल्याचं आठवत नाही. बाईंनी चहा केला. आम्ही पायरीवर बसून प्यायलो. शेवटी मीच विचारलं.

"काय म्हणत होते?"

"विचारत होते, इंजिन कोणी बंद केलं." बाईंनी बशी खाली ठेवली. "माझ्याबरोबर यायचं म्हणाले. मी नाही म्हटलं. तीन वर्षं रोज दाराची कडी न लावता झोपले मी, दयाराम. आता मला दमायला झालंय. चूक केली का मी?"

"मग ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, बरं. कोणाबरोबर तरी जाईन."

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मी कप उजव्या हातात घेतला.

सव्वीस तारखेला बाई गेल्या. जाण्याआधी त्यांनी गाडी तळोजाच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकली. त्याने ती क्रेनने उचलून नेली, चालू करून बघितली नाही. जूनमध्ये अवीवचा फोन आला होता. म्हणाला, आई छान आहे, तिकडच्या बायकांना आमटी करायला शिकवते, दुपारी गाढ झोपते. इतकी झोपताना तिला मी कधी बघितलं नव्हतं, म्हणाला. मला बरं वाटलं. म्हणजे बरं वाटायला पाहिजे हे कळलं.

माझ्या डाव्या हाताला मनगटापासून खाली काही लागत नाही. गरम नाही, गार नाही, पाना आपटला तरी कळत नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी सुई टोचून बघितली, मुंबईला पाठवून विजेची तपासणी केली. शिरा ठीक आहेत म्हणाले. काम अडत नाही. चहाची पातेली मी फडक्याशिवाय उतरवतो, त्यावर घरात सुरुवातीला हसायचे.

परवा सकाळी नीता, माझी बायको, भाकऱ्या थापत होती. मी आंघोळ करून बसलो होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी झोपेत ह्यो हात हलवता, तुमाला ठाव हाय का?"

"कुठला?"

"डावा. लय दिवस झाले. मी बोलले नाय."

"कसा हलवतो?"

तिने पिठाचा हात वर केला. मूठ अर्धी मिटली, काहीतरी गोल धरल्यासारखी. मग पुढे ढकलली. मग मागे ओढली. मग थोडी उजवीकडे सरकवून पुन्हा पुढे.

पहिला, दुसरा, तिसरा. मला आयुष्यात गाडी चालवता आलेली नाही, मी मोटरसायकलवाला माणूस. पण गिअर मला कळतात.

"मंग मागं," नीता म्हणाली, आणि मूठ मागे ओढून चौथ्यावर आणली. "आन मंग तसाच ऱ्हातो, उजाडंपर्यंत. मी एकदा धरून सोडवाया गेले." ती पुन्हा भाकरीकडे वळली. "तर वरनं कुनीतरी दाबून धरला व्हता."