डोळे मिटून सांग

काटा चांगला रुतला होता, कोपराखाली रक्ताचा ओघळ आला होता, आणि हा बाबा आपला मजेत गुलाब कापत उभा!

यशोधरा पॉलिहाऊसच्या दारातच थबकली. आरोग्य केंद्रातर्फे औंढ्यात घरोघर कुष्ठरोगाची तपासणी चालली होती, त्यासाठीच ती आली होती.

"अहो, काटा टोचलाय... दुखत नाही?"

पवनने आधी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्याकडे जरा जास्तच वेळ. "तुमी सांगितलं तवा कळलं, मॅडम."

ती हसणार, एवढ्यात काट्याभोवतीचा फिकट चट्टा दिसला. तिचं हसू ओठांतच राहिलं. "बसा. डोळे मिटा. मी कापूस लावेन, तिथं बोट ठेवायचं."

त्याने चारही वेळा बरोब्बर बोट ठेवलं. अगदी चट्ट्यावरसुद्धा! पण यशोधरा काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. पापणीची फट तिने हेरली.

"चोरून बघताय!"

"बघतोय... पण कापसाकडं न्हाई."

तिचे कान तापले. मग तिने त्याचाच रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला. चट्ट्यावर कापूस फिरला, फिरला... बोट जागचं हललं नाही.

डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या. दर महिन्याला यशोधरा पाकीट घेऊन यायची आणि एक गुलाब घेऊन जायची. दुसऱ्या महिन्यात 'मॅडम'ची 'यशोधरा' झाली, 'अहो'चं 'अरे' झालं.

"फुकटचा गुलाब देतोस होय!"

"फुकटचा कसा? काटे काढलेत. हातमोजे घालून — तुजाच हुकूम!"

तिसऱ्या महिन्यात मात्र पवन दिसेना. यशोधरा सरळ त्याच्या घरी गेली. तो पडवीत एकटाच, वेगळी ताटली घेऊन जेवायला बसला होता. चट्टा लालबुंद सुजला होता.

"गोळ्यांनी रोग चेतला. मी सोडल्यात त्या," तो खाली मान घालून म्हणाला. "माजा नाद सोड, यशोधरा. ह्या हाताला तुजा हात कळंल तवाच तुला मागणी घालीन. न्हाईतर न्हाई."

मागणी म्हणाला! तिला एकाच वेळी रडू आलं आणि रागही आला.

"वेड्या, रोग नाही चेतला! जंतू तुझ्या नसेत दबा धरून बसले होते. गोळ्यांनी मेलेत ते. पण चोर मेला तरी तुझ्या अंगातलं गाव अजून काठ्या हाणतंय, आणि कौलं फुटतायत आपल्याच घराची. म्हणून ही सूज. ती उतरायचं औषध वेगळं असतं. उशीर केलास तर नस कायमची जाईल. ऊठ!"

"म्हंजी माजीच माणसं मला मारत्यात?"

"गाव दमदार आहे तुझं. म्हणून तर एकाच चट्ट्यावर भागलं." आणि तिने त्याच्या ताटलीतली भाकरी मोडून तोंडात घातली.

"अगं, लागण...!"

"अशी होत नाही. मीठ कमी आहे."

तो हसला आणि उठला.

नव्या औषधाने सूज उतरली, गोळ्याही पुन्हा सुरू झाल्या. शेवटचं पाकीट संपलं त्या दिवशी पॉलिहाऊसमध्ये तोच रुमाल पुन्हा त्याच्या डोळ्यांवर आला. यशोधराने गाठ घट्ट आवळली. तिने चट्ट्यावर कापूस टेकवला. पवन गप्प. पुन्हा टेकवला... गप्पच. कापूस टाकून तिने तिथं आपली बोटं ठेवली. काही नाही.

तिने हात तसाच ठेवला. "नाही कळत ना? नसू दे. तू नको घालूस मागणी, मी घालते. आईला सांगूनच आलेय... मला तूच हवास."

रुमालाखाली मिशी हलली.

"कळलं व्हतं," तो हळूच म्हणाला. "पयल्या कापसालाच. पर सांगितलं असतं, तर तू हात काढला असतास... आन् हे ऐकायचं ऱ्हायलं असतं."

"लबाडा!" तिच्या तपासणीच्या वहीचा फटका नेमका चट्ट्यावर बसला.

"आई गं!"

"दुखलं?"

"लय!" रुमाल काढून तो डोळे पुसत हसला. "आणखी एक मार."